पुढच्या वळणावर यू-टर्न घ्या: गाडीतल्या जीपीएसचे खेळ (अनुभव धागा)

निवांत
कपाट आवरताना ते जुनं, काचेला रबरी वाटीनं चिकटवायचं जीपीएस हाताला लागलं. यंत्र अजून चालतं, बाणही जागच्या जागी येतो, पण तारीख जवळपास वीस वर्षं मागची. वार मात्र बरोबर!

कारण असं की उपग्रह तारीख पाठवत नाहीत, आठवड्याचा क्रमांक पाठवतात. जुन्या संदेशात त्या क्रमांकाला फक्त १० बिट (० किंवा १ अशा दहा जागा) दिलेत. म्हणजे ० ते १०२३, की परत शून्य. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून. पहिलं शून्य ऑगस्ट १९९९ मध्ये आलं, दुसरं ६ एप्रिल २०१९ ला, पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये. कितवी फेरी चालू आहे हे ज्या यंत्राला कळत नाही ते १०२४ आठवडे मागे जाऊन बसतं. चूक पूर्ण आठवड्यांची असल्यामुळे वार हलत नाही.

तर या निमित्तानं धागा. गाडीतलं नेव्हिगेशन काय काय तऱ्हा करतं ते लिहा. पण "आम्ही कसे भरकटलो" हे पुराण नको, ते सगळ्यांच्या घरी आहे. काय होतं, का होतं आणि काय केलं की थांबतं, एवढंच.

खटपट्या
उड्डाणपूल. वर की खाली, त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

उघड्या आकाशाखाली फोनची आडवी चूक साधारण ५ मीटर धरा, उंचीची त्याहून बरीच जास्त. पूल आणि खालचा सर्व्हिस रोड एकमेकांच्या डोक्यावर, दिशाही एकच. मग अ‍ॅप काय करतं, तर ज्या रस्त्यानं जायला सांगितलं होतं त्यावरच तुम्ही आहात असं धरून बाण तिथे चिकटवतं. दोन रस्ते एकमेकांपासून फुटेपर्यंत चूक उघडी पडत नाही.

ओळखायची खूण: पुढच्या सूचनेचं अंतर. पुलावर असाल तर पुढची सूचना पूल उतरल्यानंतरची, म्हणजे लांबची असते. तुम्ही खाली आणि सूचना दीड किलोमीटरवरची, तर अ‍ॅप पुलावर आणि तुम्ही जमिनीवर. मध्येच थांबू नका. सरळ पुढे चला, रस्ते फुटले की स्वतःच नवा मार्ग काढतं.

मधली_सुट्टी
+१ खटपट्या. आणि "उत्तरेकडे निघा" हे कोणाला सुचलं असेल? पार्किंगमधून गाडी काढताना उत्तर कुठून आणायची? सूर्य बघू का?

कंपास
@मधली_सुट्टी, बिचाऱ्याचा नाइलाज असतो. गाडीचं तोंड कुठे आहे हे जीपीएसला गाडी हलल्यावरच कळतं, आधीची जागा आणि आताची जागा यावरून. उभ्या गाडीत फोन स्वतःच्या चुंबकीय होकायंत्रावर विसंबतो, आणि आपण फोन ठेवतो कुठे? लोहचुंबकाच्या होल्डरवर. :-) बाण भोवऱ्यासारखा फिरतो तो त्यामुळे. डावं-उजवं छातीठोक सांगता येत नाही म्हणून अ‍ॅप दिशा सांगून मोकळं होतं.

उपाय: चुंबकाऐवजी चिमट्याचा होल्डर. तो नसेल तर नकाशावर पुढचा चौक आपल्या कोणत्या बाजूला आहे ते निघण्याआधी डोळ्यांनी बघायचं. मोकळ्या जागेत वीस-तीस मीटर पुढे गेलं की बाण सुधारतो. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून होकायंत्र जुळतं, पण नंतर परत चुंबकावर ठेवणार असाल तर ती कवायत फुकट.

चाकोरीबाहेर
आमच्याकडे वेगळाच ताप. फोनचा आवाज ब्लूटूथनं गाडीच्या स्पीकरवर. अर्धं वाक्य गिळतं. "...कडे वळा". कुणीकडे??

खटपट्या
शांतता असली की ब्लूटूथची ध्वनिवाहिनी झोपते. सूचना आली की जागी व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पहिला शब्द जातो. दोन मार्ग: मंद आवाजात गाणी चालू ठेवा म्हणजे ती जागी राहते, नाहीतर अ‍ॅपच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये "ब्लूटूथवर आवाज" बंद करून फोनच्याच स्पीकरवर ऐका. दुसरा बरा. गाडीत रेडिओ चालू असेल तर तो मध्ये मध्ये तुटतही नाही.

चाकोरीबाहेर
गाणी चालू ठेवली तर पुढच्या सीटवर "आवाज कमी कर" आणि मागच्या सीटवर "वाढव". तेव्हा दुसराच.

टॉपगिअर_आजी
अरे पण आवाज ऐकायचाच कशाला. मी म्यूट ठेवते. पट्टीवर बघायचं, पुढचं वळण काय ते लक्षात ठेवायचं. त्या बाईचं सारखं "मार्ग पुन्हा काढत आहे" ऐकून उगाच अपराधी वाटतं.

मधली_सुट्टी
आजी __/\__

रेषाटे
अरुंद बोळात घालतं त्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?

अ‍ॅपच्या लेखी रस्ता म्हणजे लांबी भागिले वेग. जिथून फारशा गाड्या जात नाहीत तिथला वेग रस्त्याच्या प्रकारावरून अंदाजे धरला जातो. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर कोणाला मागे घ्यावी लागेल, भिंत किती जवळ आहे, खडी उखडली आहे का, हे त्या आकड्यात नसतं. म्हणून मुख्य रस्त्यापेक्षा एका मिनिटानं लवकर पोचवतो म्हणत गुरांच्या वाटेनं काढतं.

पहिल्यांदा हे तपासा:
वाहनाचा प्रकार दुचाकी राहिलाय का? निम्म्या बोळांचं उत्तर इथेच मिळतं.
"टोल टाळा" किंवा "महामार्ग टाळा" कधीतरी चालू करून ठेवलंय का? एकदा चालू केलं की ते चालूच राहतं.
"इंधन वाचवणारा मार्ग" चालू असेल तर वेळ थोडा जास्त लागला तरी तो मार्ग आधी दाखवला जातो.

एवढं करूनही आत घालत असेल तर मुख्य रस्त्यावर एक मधला थांबा टाका. पेट्रोल पंप वगैरे, पण आपल्याच बाजूचा बघून. पलीकडच्या बाजूचा टाकलात तर यू-टर्न मारून तिथे नेऊन "आपण पोहोचलात" म्हणेल. निघताना पर्यायी मार्ग फिकट रंगात दिसतात. फरक पाच मिनिटांच्या आत असेल तर माझं मत सरळ मोठ्या रस्त्याला.

आरसा
रेषाटे, मधल्या थांब्याची युक्ती मस्त. पण तो ओलांडला की यादीतून काढा, नाहीतर पंपात न शिरता पुढे गेल्यावर परत मागे फिरवत राहतं.

निवांत
लोकहो, जोरात चाललाय धागा. बोगद्याचं कोणीतरी लिहा ना.

कंपास
बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत. अ‍ॅप शेवटचा वेग धरून बाण अंदाजानं पुढे सरकवतं. आत कोंडी झाली तर गाडी आत आणि बाण बाहेर पडून मोकळा. गाडीतच बसवलेल्या नेव्हिगेशनला चाकांच्या वेगाचा सेन्सर आणि जायरोस्कोप (वळणं मोजणारा सेन्सर) जोडलेला असतो, म्हणून ते बोगद्यात बरंच कमी चुकतं. काही बोगद्यांत ब्लूटूथचे छोटे बीकन (जागा कळवणारे प्रक्षेपक) लावतात, त्यासाठी फोनचं ब्लूटूथ चालू आणि अ‍ॅपला परवानगी हवी.

बोगद्याच्या आत फाटा असेल तर शिरण्यापूर्वी लेन ठरवून घ्या. आत गेल्यावर विचारून उपयोग नाही.

तळघरातल्या पार्किंगचीही तीच गोष्ट. उपग्रहाचा संदेश ५० बिट प्रति सेकंद इतक्या संथ चालीनं येतो. आपली नेमकी कक्षा प्रत्येक उपग्रह दर ३० सेकंदांनी सांगतो. फोन ती इंटरनेटवरून आधीच उचलतो म्हणून पटकन जागेवर येतो. डेटा बंद असेल तर बाहेर येऊन अर्धा-एक मिनिट उघड्यावर थांबा, मग निघा.

चाकोरीबाहेर
५० बिट?? प्रति सेकंद??? यापेक्षा आमचा कुरियरवाला बरा

हळू_चालवा
थोडं अवांतर. गाडीचा काटा १०० दाखवतो आणि फोन ९५. कोण खरं?

खटपट्या
बहुधा फोन, एकाच वेगानं सरळ चालला असाल तर. तो वेग सिग्नलच्या डॉप्लर फरकावरून (हालचालीमुळे वारंवारतेत पडणाऱ्या बदलावरून) काढतो आणि त्यात चूक फार कमी असते. गाडीच्या काट्याला बऱ्याच देशांत संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ लागू आहे. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत चालतं. म्हणजे खरा वेग १०० असताना ११४ दाखवला तरी नियमात. झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, त्यानंही काटा थोडा वर राहतो. ब्रेक मारताना किंवा बोगद्यात मात्र फोनवर जाऊ नका, तो मागे पडतो.

हळू_चालवा
म्हणजे इतकी वर्षं वेगमर्यादेपेक्षा हळू चालवतोय. सार्थ नाव.

टॉपगिअर_आजी
:D

रेषाटे
पत्त्याऐवजी अक्षांश-रेखांश पाठवणाऱ्यांसाठी. आधी अक्षांश, मग रेखांश. उलटं टाकलं तर समुद्रात किंवा परक्या खंडात. अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ तर सर्रास होते: ४०°३०' म्हणजे ४०.५, ४०.३० नव्हे. एवढ्याशा चुकीनं साधारण २२ किलोमीटरचा फरक पडतो. दशांशानंतर चार अंक दिले तर सुमारे ११ मीटर, पाच दिले तर १ मीटर. आठ अंक पाठवणारे मिलिमीटर मोजतात, त्यांना नमस्कार.

आणि नाव टाकून शोधत असाल तर निघण्याआधी एकूण अंतर बघाच. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपं इटलीतल्या काप्रीला निघालं आणि पोचलं कार्पीला. दोन अक्षरांची अदलाबदल. काप्री बेट आहे, म्हणजे मध्ये बोट लागायला हवी होती.

आरसा
पिन इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी नेते ती का?

रेषाटे
पिन बहुतेकदा आवाराच्या मध्यावर असते आणि अ‍ॅप तिला सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं. तो मागचा निघाला की झालं. फाटकावर बोट दाबून नवी पिन टाका आणि तीच पाठवा. फाटक नकाशात नसेल तर "बदल सुचवा" मधून घाला. ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही बदल करता येणाऱ्या नकाशावर) चालणारं अ‍ॅप असेल तर स्वतःच काढता येतं.

डावा_इंडिकेटर
मला फक्त सांगा, बाण सारखा बाजूच्या रस्त्यावर उड्या मारतो. फोन नवा आहे. डॅशकॅम लावल्यापासून जास्त.

खटपट्या
डॅशकॅमच आधी बघा. जीपीएसचा एल१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, सुमारे २०,२०० किमीवरून येतो. खाली पोचेपर्यंत अगदी क्षीण. स्वस्तातला कॅमेरा किंवा चार्जर त्याच पट्ट्यात गोंगाट करतो.

तपासायचं असं. गाडी उघड्यावर उभी करा. उपग्रहांची ताकद दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडा. प्रत्येक उपग्रहापुढे डीबी-हर्ट्झमध्ये आकडा दिसतो. चाळिशीतले आकडे चांगले, पंचविशीच्या खाली रडगाणं. आता डॅशकॅमची पिन काढा. एक-दोन मिनिटांत सगळे आकडे एकदम वर गेले तर चोर सापडला. मग फोन आणि कॅमेऱ्यात हातभर अंतर ठेवा, वायरीवर फेराइटची (गोंगाट अडवणारी) कडी लावा, अडॅप्टर बदला. याच क्रमानं, कारण पहिला उपाय फुकट आहे.

आकडे हलले नाहीत तर काच बघा. उष्णता परतवणाऱ्या काचेवर धातूचा थर असतो, धातूची फिल्मही तशीच. अशा काचेत बऱ्याचदा आरशाजवळ थर नसलेला एक तुकडा सोडलेला असतो, फोन त्याच्यामागे आणा.

आणि फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपला "अचूक स्थान" दिलंय ना? "अंदाजे" वर असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

मधली_सुट्टी
नसलेली कोंडी लाल दिसते तेव्हा काय करायचं?

कंपास
फोन हळू सरकताना दिसले की कोंडी, एवढंच त्याला कळतं. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकारानं ९९ फोन हातगाडीत घालून मोकळ्या रस्त्यानं ओढत नेले, नकाशावर रस्ता लाल! :-) आपण काही करू शकत नाही. लाल पट्टी अगदी छोटी असेल तर वळसा घेऊ नका, इतकंच.

हळू_चालवा
फोन तापून मरतो त्याला काय करावं? चार्जिंगला लावूनही टक्के उतरतात.

आरसा
जुन्या यूएसबी खाचेतून ०.५ अँपिअर येतो, म्हणजे २.५ वॅट. पूर्ण उजेडाची स्क्रीन, डेटा आणि जीपीएस मिळून त्याहून जास्त खातात. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये निदान २ अँपिअरचा चार्जर लावा. होल्डर डॅशबोर्डवरून काढून एसीच्या झडपेवर, पण थंडीत हीटर लावला की तीच झडप फोन भाजते. वायरलेस चार्जिंगचा होल्डर उन्हात नको, तो स्वतःच तापतो. तापला की आधी चार्जिंग थांबतं, मग स्क्रीन मंद होते.

टॉपगिअर_आजी
गॉगल लावल्यावर स्क्रीन काळी दिसते ती पण तापल्यामुळे का

आरसा
नाही आजी, तो गॉगल पोलराइज्ड (एकाच दिशेचा प्रकाश आत सोडणारा) असेल. फोन आडवा करून बघा.

टॉपगिअर_आजी
आडवा केला, दिसतंय! आता नकाशा गाडीच्या पडद्यावर येत नाहीये. केबल तर लावली आहे.

खटपट्या
केबल फक्त चार्जिंगची असेल, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. डेटावाली घ्या, एक मीटरच्या आतली. तरी सुटत असेल तर फोन बंद करून खाचेतला धूळ-कचरा लाकडी टूथपिकनं हलकेच काढा. टाचणी घालू नका.