वरच्या मजल्यावर आई, दुपारी लाइन नाही, बिल साडेपाच हजार: ४० हजारांत काय करू?

शिलाईवाली_अकोला

नमस्कार. मी अकोल्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. खोल्या दोन, डोक्यावर थेट गच्ची, मोठ्या खोलीची भिंत पश्चिमेला. घरात मी, अकरावीतला मुलगा आणि ७८ वर्षांची आई. आईला शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन घेते. गुडघ्यांमुळे जिना उतरणं होत नाही. मी घरीच ब्लाउज शिवते, म्हणजे दिवसभर आम्ही दोघी इथेच.

दोन वर्षांपूर्वी नवतप्यात (मे अखेरचे ते नऊ कडक दिवस) एका रात्री अकराला लाइन गेली ती पहाटे चारला आली. डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. साडेबाराच्या सुमारास आई मला म्हणाली, "दादा आला का शेतातून? त्याचं ताट वाढ." मामाला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. तिच्या अंगाला हात लावला तर चटकाच बसला. ओलं लुगडं तिच्यावर टाकलं, मुलगा पुठ्ठ्याने वारा घालत बसला. तासाभराने ती भानावर आली. ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर एक जुना दीड टनाचा एसी घेतला. हिवाळ्यात आमचं बिल ११० युनिटांचं असतं. मागच्या मे महिन्यात ४१२ युनिटं पडली, साडेपाच हजार रुपये. आणि लाइन गेली की एसीही गेलाच. यंदा एप्रिलपासूनच दुपारी दीड-दोन तास जाते, रात्रीचा तर नेम नाही.

४० हजार जमवलेत. दुकानदार म्हणतो, नवीन फाइव्ह स्टार एसी घ्या. शेजारचे म्हणतात मोठा इन्व्हर्टर. मुलगा म्हणतो सोलर. एकेक ब्लाउज शिवून साठवलेले पैसे आहेत, दुसऱ्यांदा जमणार नाहीत. माझी अट एकच: लाइन नसताना पाच तास आईची खोली सोसवेल इतकी राहिली पाहिजे. जुना लोखंडी कूलर आहे, पण नळ चार दिवसांआड येतो म्हणून तो गच्चीवर टाकून दिलाय.

वायरमन_काका_वर्धा

ताई, मी ३४ वर्षं खांबांवर काढली, आता रिटायर आहे. तुमची अट वाचली आणि तिथेच एसीचा विषय संपला. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात १२०० ते १५०० वॅट ओढतो. १५० एएचच्या (अँपिअर-तास) एका बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती लागतात १२००-१३००. म्हणजे जेमतेम तासभर, आणि घरगुती इन्व्हर्टर तेवढा लोड उचलणारही नाही.

तीच बॅटरी कूलरला लावा. पंपासकट कूलर २०० वॅट. सोबत बीएलडीसी पंखा ३० वॅट (साधा ७५ घेतो). पाच तास निघतात. इन्व्हर्टर साइनवेव्हच घ्या, स्क्वेअरवेव्हवर कूलरची मोटर घुंघुं करते आणि तापते. मी गेल्या वर्षी मुलीकडे बॅटरीसकट २३ हजारांत बसवला.

बिलाचं सांगतो, कारण यात फार गैरसमज आहे. ३०० युनिटं ओलांडली की सगळीच युनिटं महाग लागतात असं लोक समजतात. तसं नाही. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यावर. प्रत्येक टप्प्याला त्याचाच दर. तुमची वरची ११२ युनिटं तेवढी तिसऱ्या टप्प्यात गेली. पण एसीची युनिटं नेहमी वरच्याच टप्प्यांत जाऊन बसतात, म्हणून त्याचा चटका जास्त. रात्री आठ तास एसी म्हणजे दिवसाला नऊ-साडेनऊ युनिटं, महिन्याला २८०. कूलर सोळा तास चालवला तरी महिन्याला ९६. तुमचं ४१२ चं बिल २३० च्या आसपास येईल. एसी विकू नका. जुलैत दमट हवेत कूलर काम करत नाही, तेव्हा तो २६ वर ठेवा, वर पंखा लावा. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते.

सोलरचं मुलाला समजावून सांगा. छतावरची नेहमीची सोलर लाइनला जोडलेली असते. लाइन गेली की ती आपोआप बंद होते, नाहीतर खांबावर चढलेला माणूस मरेल. बॅटरीवाली हवी तर खर्च वेगळा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, पण छत घरमालकाचं.

आणि कूलरला अर्थिंग आहे का ते आधी बघा. तीन पिनचा प्लग, तिसरी पिन खरोखर जोडलेली. पाणी भरताना बटण नाही, प्लगच काढायचा. लोखंडी कूलरला चिकटून गेलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यातली दोन लेकरं होती. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

डीपीवर किटकॅट (फ्यूज) उडत असेल किंवा व्होल्टेज डाउन होत असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. एकाच गल्लीतून दहा नोंदी गेल्या की मोठी डीपी मागायला आधार मिळतो.

कोकणातून

रत्नागिरीत बदली झाली तेव्हा खामगावहून कूलर सोबत आणला होता. इथे तो नुसती ओल करतो, अंग चिकटतं. हवा कोरडी असेल तरच पाणी उडतं आणि गारवा येतो. वऱ्हाडातल्या मे महिन्याची कोरडी हवा कूलरला पोषक. मात्र समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवा बाहेर पडायला वाट हवी.

सिस्टर_चंद्रपूर

ताई, तुम्ही सांगितलेली ती रात्र साधी नव्हती. असंबद्ध बोलणं आणि अंग भाजणं हा उष्माघात. पुन्हा तसं झालं तर १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: मान, काखा, जांघा ओल्या करा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. शुगर उतरली तरीही माणूस असंच बरळतं, म्हणून ग्लुकोमीटर जवळ हवा.

म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही. "पाणी हवं का?" असं विचारू नका, दर तासाला अर्धा पेला हातात द्या. ताक चालेल, मीठ बेताचं. साखरेचं पन्हं आणि ओआरएस त्यांना डॉक्टरांना विचारून. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर तीही उन्हाळ्यात डॉक्टरांना दाखवा. हवा ४० च्या वर गेली की कोरडा पंखा अंगावर झळाच फेकतो. अंगावर ओलं फडकं असेल तरच त्याचा उपयोग.

इन्सुलिन: लाइन गेल्यावर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास गार राहतो. बर्फाला लागून बाटली ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. आमच्या आजूबाजूच्या खेड्यांत मी मडक्यात मडकं ठेवायला सांगते: मधल्या फटीत ओली वाळू, आत कोरड्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं.

महालातली_नागपूर

आधी गच्चीवर चुना मारा, मग बाकीचं. तुमचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकराला तीच उष्णता खोलीत सोडतो, म्हणून रात्री जास्त होतं. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळा, थोडा फेव्हिकॉल घाला, झाडूने दोन हात द्या, उन्हं उतरल्यावर. डोळ्यांना जपा, चुना उडतो. पहिल्या-दुसऱ्या पावसात निघून जातो, दरवर्षी मारावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हिरवी नेट बांधा. खिडकीला पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतंच. शक्य असेल तर आईची बाज दुसऱ्या खोलीत हलवा.

शिलाईवाली_अकोला

सगळ्यांची खूप आभारी आहे. बारा दिवसांनी लिहिते आहे.

घरमालकांना विचारायला भीत होते. ते म्हणाले, चुना माझा, मेहनत तुमची. मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी रविवारी संध्याकाळी मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी मुद्दाम अनवाणी गच्चीवर गेले. एरवी तिथे पाय टेकवत नाही, त्या दिवशी उभी राहू शकले. आईला सांगितलं तर म्हणाली, "आमच्या धाब्यावर दरवर्षी पांढरी माती टाकत होतो, तेव्हा कोण गरमीनं मेलं?" तिचं माहेर बाळापूरकडचं, धाब्याचं म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. लहानपणी तिथे दुपारी आम्हाला गोधडी लागायची हे मी विसरूनच गेले होते.

कूलर उतरवला, घासला, अर्थिंग करून घेतलं (प्लगची तिसरी पिन नुसतीच होती, काका, तार जोडलेलीच नव्हती). कूलरच्या नव्या ताट्या (बाजूंच्या गवताच्या जाळ्या) आणि पंप, इन्व्हर्टर-बॅटरी, बीएलडीसी पंखा, ग्लुकोमीटर धरून साडेतेहतीस हजार गेले. आईची बाज आतल्या खोलीत आणली. बाहेरच्या खोलीत मी शिवते. इस्त्री आता पहाटे सहाला उरकते, तिनेही खोली तापत होती.

काल दुपारी दोन-दहाला लाइन गेली, चार-चाळीसला आली. बाहेर ४४ होतं. आईच्या खोलीत ३२. ती झोपली होती. मी दर तासाला उठवून ताक दिलं, त्यावरून ती माझ्यावर चिडली.

१९१२ वर गल्लीतून आतापर्यंत सहा नोंदी गेल्यात. मीच घरोघर जाऊन करून घेते आहे, अजून चार घरं बाकी आहेत.

पाण्याचं मात्र अडलं आहे. कूलरला दिवसाला पन्नासेक लिटर लागतं. फिल्टरचं वाया जाणारं पाणी दोन दिवस घातलं, तर ताटीवर पांढरे क्षार धरले. खालच्या बोअरचं पाणीही खारंच. ताटी व्हिनेगरने धुतली तर गवत खराब होतं का? आणि वाळ्याची खरी ताटी अकोल्यात कुठे मिळते? आईला तो वास हवा आहे.