चार व्हायोलिनांवर ‘लव्हज थीम’ बसवताना ठेका का जुळत नाही?

फोंडेकर: चवथीनंतरच्या कार्यक्रमासाठी अमेरिकन संगीतकार बॅरी व्हाइटच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राची ‘लव्हज थीम’ ही धून बसवायची आहे. वाद्ये अशी: 4 व्हायोलिन, 1 चेलो, कीबोर्ड, इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रम्स. मूळ वाद्यवृंद 40 जणांचा. चारही व्हायोलिनांना वेगवेगळे सूर दिले तर आवाज पातळ आणि बेसूर येतो. ड्रमरने सरळ डिस्कोचा ठेका लावला की धून धावायला लागते. डिस्कोची पायवाट हिनेच पाडली म्हणतात, मग असे का?

म्हापशेकार_ड्रम्स: पायवाट पाडली ती तारवाद्यांच्या बाजूने. धून 1973 ची, फेब्रुवारी 1974 मध्ये अमेरिकेत गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. गायक नसलेल्या ऑर्केस्ट्राच्या धुनेवर लोक नाचतात, हे तिने दाखवून दिले. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या एमएफएसबी या वाद्यवृंदाची ‘टीएसओपी’ आणि 1975 मध्ये व्हॅन मकॉयची ‘द हसल’ तिथेच पोचल्या. डिस्कोचा ठेका मात्र फिलाडेल्फियाचा. तिथल्या ड्रमर अर्ल यंगने 1973 च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यात चारही मात्रांवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि मधल्या जागी उघडा हाय-हॅट (पायाने उघड-बंद होणारी झांजांची जोडी) वाजवला, तो पुढे सगळ्यांनी उचलला. ‘लव्हज थीम’ त्यापेक्षा निवांत आहे. तिच्यावर मिनिटाला 120 मात्रांची लय लादली की व्हायोलिनांचे लांब सूर गुदमरतात. आधी फक्त व्हायोलिन आणि बेस वाजवून लय ठरवा, ड्रमरला नंतर बसवा.

हाय-हॅट हवाच असेल तर ‘एक आणि दोन आणि’ म्हणत ‘आणि’वर उघडा, आकड्यावर बंद करा. झांजा जेमतेम उचला. जास्त उघडल्या तर बंद व्हायला उशीर होतो आणि पुढची मात्रा मागे पडते.

चेलो_मडगाव: फोंडेकरबाब, चार व्हायोलिनांना चार सूर देऊच नका. एकेका सुरावर एकच माणूस असला की त्याची प्रत्येक चूक उघडी पडते. दोघे एकाच सुरावर असले तर आणखी वाईट, कारण किंचित फरकानेही आवाज थरथरतो. तिघांत तो फरक मिसळून जातो. म्हणून तिघांना मुख्य चाल एकाच सुरात, चौथ्याला तीच चाल खालच्या सप्तकात द्या. चेलो बेसची नक्कल करू नये. चाल थांबते तिथे त्याने उलट दिशेने जाणारी ओळ धरावी.

कीबोर्डवर स्ट्रिंग्जचा (तारवाद्यांचा) आवाज असेल तर अटॅक, म्हणजे सूर उमटायला लागणारा वेळ, कमी करा. हा आवाज हळू उमटतो, त्यामुळे वाजवणारा वेळेवर असूनही मागे ऐकू येतो. त्याला फक्त मधले कॉर्ड द्या, चाल नको.

सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी (वाद्यांची मांडणी करणाऱ्यांनी) हिंदी चित्रपटसंगीतात गायकाच्या ओळींमधल्या जागा व्हायोलिनांनी ज्या नजाकतीने भरल्या, ती आपल्या वादकांच्या कानांत मुरलेली आहे. इथे मात्र व्हायोलिनच गायक आहे. तोकडे, भराव घातल्यासारखे वाजवलेत तर धून मरते. गज पूर्ण लांबीने ओढा आणि वाक्य संपेपर्यंत श्वास सोडू नका.

फोंडेकर: हे पटले. गिटारवर वाह-वाह पेडल (पायाने हलवून आवाज बदलणारे) आहे, पण नुसता बेडकासारखा आवाज येतो.

म्हापशेकार_ड्रम्स: पाय भराभर हलतोय. डाव्या हाताची बोटे तारांवर हलकी टेकवून फक्त खरखर काढा, उजवा हात एका मात्रेत चार वेळा. पाय मात्र मात्रेला एकदाच पुढे-मागे. गिटारचा आवाज व्हायोलिनांच्या खाली ठेवा, नाहीतर कान तिकडेच जातो.

चेलो_मडगाव: एक राहिले. पावसाळ्याच्या दमट हवेत गजाचे केस सैल पडतात, खुंट्या फुगून अडकतात. एसी लागला की सूर पुन्हा सरकतात. वाद्ये अर्धा तास आधी पेटीतून काढून सभागृहातच ठेवा, मग जुळवा. सुरुवातीची वर चढत जाणारी ओळ पहिल्याच सेकंदात सूर उघडे पाडते. तिथे चौघे एकाच बोटाने, एकाच तारेवर चढा.