चारा, खाद्य, दाणा की आमिष?

ओढाकाठ: ओढ्यातून आणलेला मासा टाकीत हळूहळू कोरडे खाद्य खायला लागतो, त्याला मराठीत काय म्हणाल? 'आहार-प्रशिक्षण' हा शब्द वाचला आणि घशात अडकला. शिवाय त्याला घालायचे ते चारा की खाद्य?

पाणकणीस: 'दाण्याला लावणे'. करडाचे दूध तोडून त्याला पाल्याला लावतात, तसेच. ढोक (चाना गाचुआ) घ्या. पहिले दोन दिवस काही घालू नका. तो बुजलेला असतो, खात नाही; घातलेले सडते आणि अमोनिया वाढतो. तिसऱ्या दिवसापासून डासांच्या अळ्या किंवा गांडुळाचा अर्धा इंची तुकडा. आठवड्याने गोठवलेले ब्लडवर्म (पाण्यातल्या लाल अळ्या) चिमट्यात धरून हलवत, कारण हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही. मग ब्लडवर्म वितळलेल्या पाण्यात दहा मिनिटे भिजवलेला, बुडणारा दाणा: आधी चार घासांत एक, नंतर निम्मे. दाणा थुंकला म्हणजे नाकारला असे नाही. बहुधा कडक किंवा मोठा असतो. फोडून द्या. एक दिवस उपाशी ठेवून पुन्हा बघा. दहा मिनिटांत उरलेले काढा. आणि झाकण घट्ट हवे, ढोक उडी मारतो.

नदीचा_गाळ: 'दाण्याला लावणे' मान्य, पण सगळ्यांना नाही. मळ्याला (गारा मुल्या) काय दाण्याला लावणार? तो खरोखर चरतो, दगडावरचे शेवाळ दिवसभर खरवडतो. त्याच्यापुरता 'चारा' शब्द अगदी चपखल. दगडांचे दोन संच ठेवा: एक टाकीत, दुसरा पाण्याच्या टबात 10-15 दिवस उन्हात. हिरवट बुळबुळीत थर आला की अदलाबदल. जोडीला उकळत्या पाण्यातून काढलेली दुधीची चकती, दगडाखाली दाबून; रात्री घातलेली सकाळी काढायची. ढोक झडप घालतो, डॅनिओ हा छोटा मासा वरच्या वर टिपतो, मळ्या चरतो. 'खाद्य' म्हटले की हा सगळा फरक पुसला जातो.

पाणकणीस: बरोबर. आणि मळ्याच्या शास्त्रीय नावातले 'मुल्या' इथलेच. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने छापली, तेव्हा स्थानिक नावच शास्त्रीय नावात घातले. खुदरी, कोलस ही माशांची नावेही तशीच.

ओढाकाठ: मग 'आमिष'?

नदीचा_गाळ: ते गळाला. टाकीत फसवायचे कोणाला? काही जण ढोकला बाजारातले छोटे गोल्डफिश घालतात, ते मात्र टाळा. त्यांच्यात थायमिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, त्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होते. रोगही सोबत येतात.

सराटा: एक शब्द राहिला: खपाटी. नुसते 'अशक्त' म्हणू नका. मासा भरपूर खातो तरी पोट खपाटीला गेलेले, तर संशय जंतांचा. दाणा वाढवून फक्त पाणी खराब होईल. वेगळ्या टाकीत जंतांचे औषध द्यावे लागते.

गांडुळाबद्दलही. दानवे, शिदोड, काडू अशी नावे गावोगाव बदलतात, म्हणून कुठले ते विचारूनच घ्या. गांडूळखताच्या वाफ्यातले लाल, पट्टेरी गांडूळ डिवचले की वास मारणारा पिवळट द्रव सोडते. बरेच मासे ते थुंकतात आणि आपण समजतो मासा गांडूळ खात नाही. बागेतल्या ओल्या मातीतले घ्या, फवारणी नसलेल्या, आणि एक दिवस ओल्या फडक्यात ठेवून पोटातली माती निघू द्या.