एन-2 झाली, तरी जपानी क्लायंटच्या बैठकीत अडखळायला होतं. नेमकं काय सुधारावं?

सावली_कोथरूड
नमस्कार. पुण्यातल्या आयटी कंपनीत जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे. जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा; एन-1 ही तिची सर्वांत वरची पायरी) एन-2 झाली आहे, शब्दकोश शेजारी ठेवून डिझाइनची कागदपत्रं वाचता येतात. अडतं ते तीन ठिकाणी. साप्ताहिक ऑनलाइन बैठकीत जपानी मंडळी आपसात बोलायला लागली की धागा सुटतो. सिस्टिममध्ये काही बिघडलं की ते जपानीत कोणत्या क्रमानं सांगायचं ते सुचत नाही. आणि केइगो, म्हणजे आदरार्थी आणि नम्र भाषा. रोज पाऊण तास काढू शकते. एन-1 च्या मागे लागू, की वेगळं काही करू? क्लासची नावं नकोत, काय आणि कसं करायचं ते सांगा.

देवगडकर
एन-1 तूर्त बाजूला ठेवा. जेएलपीटीत बोलणं नाही आणि लिहिणंही नाही. एन-2 ला 180 पैकी 90 गुण आणि प्रत्येक विभागात 60 पैकी किमान 19 एवढंच लागतं. म्हणजे श्रवण कच्चं राहूनही प्रमाणपत्र हातात येऊ शकतं. तुमचं गुणपत्रक काढा आणि श्रवणाचा आकडा बघा. तो वाचनापेक्षा बराच खाली असेल तर पाऊण तासातली निम्मी वेळ कानाला द्या.

(देवनागरीत जपानी लिहिताना लांब ओसाठी मी ऽ वापरतोय. पुढे त्याचं कारण कोणीतरी सांगेलच.)

बैठकीत धागा सुटतो तो बहुतेक वेळा शब्दांमुळे सुटत नाही, कर्त्यामुळे सुटतो. कर्ता आपणही गाळतो, पण आपलं क्रियापद तो सांगून टाकतं: करतो, करतेस, करतात. जपानी 'शिमास' (करणे) या क्रियापदामधून काहीच कळत नाही. 'कोचिरा दे ताइओऽ शिमास' (या बाजूनं हाताळणार) हे वाक्य कोण बोललं यावर ते काम क्लायंट करणार की तुम्ही, हे ठरतं. चार जण भराभर बोलत असताना नेमकं तेच निसटतं. म्हणून ऐकताना प्रत्येक शब्द पकडायला जाऊ नका. कागदावर चारच रकाने आखा: कोण, काय, कधीपर्यंत, काय लोंबकळतंय. रिकामा राहिलेला रकाना म्हणजे तुमचा पुढचा प्रश्न.

तो प्रश्न विचारायचा साचा एकदा पाठ करा: '... तो इउ निन्शिकि दे योरोशी देशोऽ का'. म्हणजे माझी समजूत अशी आहे, ती बरोबर आहे ना. उदाहरणार्थ, 'टेस्ट डेटा ओन्शा कारा इतादाकु तो इउ निन्शिकि दे योरोशी देशोऽ का', टेस्ट डेटा तुमच्या कंपनीकडून येणार ना? 'वाकारिमासेन' (कळलं नाही) म्हटलंत तर समोरचा सगळं पहिल्यापासून सांगायला लागतो, किंवा पुढच्या वेळी तुम्हाला वगळून तुमच्या दुभाष्याशी बोलतो. स्वतःची समजूत मांडून विचारलंत तर तो फक्त चुकलेला भाग दुरुस्त करतो, आणि बैठकीचा वेळही जात नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी कादाइ कानरिह्योऽ, म्हणजे अडचणींचा तक्ता, उघडा. आपल्याकडच्या प्रत्येक ओळीसाठी तीन वाक्यं जपानीत लिहा: सध्याची स्थिती, अडथळा, पुढची तारीख. ती मोठ्यानं म्हणा. बैठक झाली की त्याच दिवशी गिजिरोकु म्हणजे इतिवृत्त स्वतः लिहायला मागून घ्या. हे काम कोणी आनंदानं करत नाही, त्यामुळे मिळतं. आणि क्लायंटनं लाल अक्षरात केलेल्या दुरुस्त्या हा तुमच्यासाठी सर्वांत चांगला पाठ असतो, कारण वाक्यं तुमच्याच प्रोजेक्टची असतात. दुरुस्त वाक्यांची वेगळी फाइल ठेवा आणि पुढच्या इतिवृत्तात तीच वाक्यं वापरा.

मृण्मयी_टोकियो
ऽ बद्दल लिहिते, कारण मराठी माणसाचं जपानी बहुतेक इथेच फसतं. आपल्या लिपीत इ-ई आणि उ-ऊ वेगळे आहेत, पण ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. वहीत देवनागरीत शब्द उतरवले की तो भेद पुसला जातो आणि तोंडातही येत नाही. 'तोकेइ' म्हणजे घड्याळ, 'तोऽकेइ' म्हणजे सांख्यिकी. 'योयाकु' म्हणजे आरक्षण, 'योऽयाकु' म्हणजे सारांश. कामाच्या बोलण्यात हे शब्द रोज येतात. शब्द काना या जपानी लिपीतच लिहायची सवय लावा, आणि बोलताना लांब ओला दोन मात्रा पूर्ण द्या. जोडाक्षरासारखा थांबासुद्धा एक मात्रा घेतो: 'किते' म्हणजे 'ये', 'कित्ते' म्हणजे टपाल तिकीट.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. 'त्सु' काढताना इंग्रजीतून शिकणाऱ्यांची दमछाक होते. आपल्याला 'चमचा'तला च जमतो, तोच उच्चार जवळपास तिथे चालतो.

कानासाठी शॅडोइंग करा, म्हणजे ऐकलेलं लगेच मागोमाग बोला, पण नीट. बरेच जण दहा मिनिटांचा ऑडिओ लावून मागोमाग पुटपुटतात. त्यातून काही हाती लागत नाही. 60 ते 90 सेकंदांचा, लिखित मजकूर सोबत असलेला तुकडा घ्या. जेएलपीटीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नमुना प्रश्नांना ऑडिओ आणि मजकूर दोन्ही आहेत, फुकट आहेत. पहिल्या दिवशी मजकूर न बघता तीनदा ऐका आणि ऐकू आलं तसं लिहून काढा. मग मूळ मजकुराशी ताडून बघा. चुकलेल्या जागी खुणा करा. त्या बहुधा विभक्तीसारखे प्रत्यय (वा, गा, ओ, नि) आणि वाक्याचा शेवट इथेच सापडतील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मजकूर समोर ठेवून आवाजाबरोबर बोला, चौथ्या दिवशी मजकुराशिवाय. पाचव्या दिवशी फोनवर स्वतःचं रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशेजारी लावून ऐका. रोजची पंधरा मिनिटं पुरतात.

वाक्याच्या शेवटावर जोर देते आहे, कारण नकार तिथे लपलेला असतो. 'देकिनाकु वा नाइन देस गा...' हे ऐकून अनेकांना होकार वाटतो. 'करता येणारच नाही असं नाही, पण...' असं म्हणून माणूस थांबला की तो नको म्हणतोय. 'मुझुकाशी देस' (अवघड आहे) हाही बहुधा नकारच. 'केन्तोऽ शिमास', म्हणजे विचार करतो, हे तारखेशिवाय आलं तर त्यावर योजना आखू नका. 'इत्सुगोरो', साधारण कधी, एवढं सौम्यपणे विचारा. तारीख मिळाली तर खरंच विचार चालू आहे.

क्यूए_नाशिक
बिघाडाबद्दल. जपानी क्लायंटला बिघाड सांगताना क्रम ठरलेला असतो आणि तो आपल्या सवयीच्या उलटा आहे. आपण कारणापासून सुरू करतो: काल असा बदल केला होता, मग सर्व्हरवर असं झालं. त्यांना आधी हवं असतं ते म्हणजे काय घडलं आणि कोणाला फटका बसला. जिशोऽ (काय दिसतंय), घडल्याची तारीख-वेळ, एइक्योऽ हान्इ (कुठवर परिणाम), मग गेन्इन (कारण), मग ताइओऽ (उपाय). कारण माहीत नसेल तर अंदाज लिहू नका. 'गेन्इन वा चोऽसाचूऽ देस', तपास चालू आहे, असं लिहून पुढचा अहवाल किती वाजता देणार ते लिहा, आणि त्या वेळेला काही सापडलं नसलं तरी अहवाल द्या. ठरलेली वेळ चुकली तर मूळ बिघाडापेक्षा त्याचीच चर्चा जास्त होते.

उपायात दोन शब्दांची गल्लत करू नका. झान्तेइ ताइओऽ म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, कोऽक्यूऽ ताइओऽ म्हणजे कायमची दुरुस्ती. फक्त 'दुरुस्त केलं' असं लिहिलंत की यातलं कोणतं, हा प्रश्न येणारच. त्यानंतर योको तेन्काइ येतं: हीच चूक प्रोजेक्टमध्ये दुसरीकडे कुठे आहे का ते शोधलंत का? उत्तर तयार ठेवून बैठकीला जा.

स्पेसिफिकेशन वाचताना सीमेच्या शब्दांवर थांबा. 'हयाकु इजोऽ' म्हणजे 100 धरून वर, 'हयाकु इका' म्हणजे 100 धरून खाली, 'हयाकु मिमान' म्हणजे 100 सोडून खाली. इजोऽचं भाषांतर कोणी 'पेक्षा जास्त' असं केलं की कोडमध्ये बरोबरीची खूण राहून जाते आणि नेमकी 100 वरची टेस्ट पडते. भाषांतरात 'किंवा अधिक' असंच लिहा.

सावली_कोथरूड
खूप उपयोगी, चार रकाने आजच आखले. केइगोचं काय करू? क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, पण फोन आला की सगळं विसरायला होतं. आणि ईमेल मशीन भाषांतरातून काढलं तर चालेल का?

अनघा_दुभाषी
तक्ता पाठ असूनही फोनवर चूक होते, कारण केइगोचा प्रश्न क्रियापदाच्या आधी सुरू होतो: कोण आतलं, कोण बाहेरचं. मराठीत आपण बाहेरच्यांसमोरही आपल्या वरिष्ठांना आदरार्थीच बोलतो, 'देशपांडे सर बाहेर गेलेत'. जपानीत क्लायंटशी बोलताना तुमचा मॅनेजर आतला होतो. नावामागचं आदराचं 'सान' गळतं आणि क्रियापद नम्रतेचं येतं: 'देशपांडे वा तादाइमा सेकि ओ हाझुश्ते ओरिमास' (देशपांडे आत्ता जागेवर नाही). तोच मॅनेजर आणि तुम्ही दोघंच बोलत असाल तर पुन्हा 'देशपांडे-सान'. आधी माणूस आत की बाहेर हे ठरवा, मग क्रियापद.

सगळी क्रियापदं लागतही नाहीत. कार्यालयात फिरून फिरून तीच येतात: (कंसात आधी आदराचं, मग नम्रतेचं रूप) इउ, म्हणणे (ओश्शारु / मोऽसु), इकु आणि कुरु, जाणे-येणे (इराश्शारु / माइरु), मिरु, बघणे (गोरान नि नारु / हाइकेन सुरु), सुरु, करणे (नासारु / इतासु), मोराउ, मिळणे (फक्त नम्र: इतादाकु). या पाच ओळींची तुमच्या कामातली प्रत्येकी दोन वाक्यं तयार करा. दुहेरी आदर टाळा, 'ओश्शारारेरु' हे चुकीचं आहे. 'सासेते इतादाकिमास' प्रत्येक वाक्याला जोडू नका. परवानगी घेतल्याचा भाव असेल तिथेच ते शोभतं, एरवी 'इताशिमास' पुरे. वरिष्ठांना आणि क्लायंटला 'ऱ्योऽकाइ शिमाश्ता'ऐवजी 'शोऽची शिमाश्ता' म्हणा, दोन्हींचा अर्थ 'समजलं' असाच. 'गोकुरोऽसामा' (कष्ट घेतलेत) वरच्या माणसाला कधीच नाही.

फोनसाठी तीनच वाक्यं टेबलावर चिकटवा. नीट ऐकू आलं नाही: 'ओसोरेइरिमास गा, मोऽ इचिदो ओनेगाइ देकिमास का'. उत्तर माहीत नाही: 'काकुनिन शिते, ओरिकाएशि गोरेन्राकु इताशिमास'. बैठकीत तोच प्रसंग आला तर: 'मोचिकाएत्ते काकुनिन इताशिमास'. कामाच्या फोनवर 'मोशिमोशि' (हॅलो) म्हणून सुरुवात करू नये.

जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेचा, बुन्काचोऽचा, 2007 सालचा 'केइगो नो शिशिन' हा अहवाल जालावर मोफत आहे. प्रश्नोत्तरांचा भाग आधी वाचा, प्रसंग बरेचसे कार्यालयातलेच आहेत.

मशीन भाषांतराबद्दल: कंपनीची परवानगी नसेल तर क्लायंटचा मजकूर बाहेरच्या साइटवर टाकू नका, करारातला गोपनीयतेचा भंग होतो. परवानगी असली तरी जपानीतला गाळलेला कर्ता मशीन अंदाजानं भरतं, आणि 'आम्ही करू'चं 'तुम्ही करा' होऊ शकतं. ईमेल स्वतः लिहा, मशीनकडून ते उलट मराठीत किंवा इंग्रजीत करून घ्या आणि कर्ता, तारीख, आकडे हे तीनच तपासा.

ईमेलचा सांगाडा ठरलेला आहे. विषयात काय हवं ते (पाहणी, उत्तर, की फक्त माहिती), मग कंपनी, विभाग, नाव आणि 'सामा', मग 'ओसेवा नि नात्ते ओरिमास' हे ठरलेलं अभिवादन, मग आपली कंपनी आणि नाव, मग एका ओळीत मुद्दा, मग तपशील. विभागाला लिहिताना 'ओन्चूऽ', व्यक्तीला 'सामा', दोन्ही एकत्र नाही. कंपनीतल्या सहकाऱ्याला लिहिताना अभिवादन 'ओत्सुकारेसामा देस'.

देवगडकर
केइगोबद्दल थोडा मतभेद. अनघाताईंचं म्हणणं फोन आणि ईमेलला लागू आहे. साप्ताहिक तांत्रिक बैठकीत साधं 'देस-मास' नीट आणि न अडखळता आलं तर कोणी नाक मुरडत नाही. केइगो जुळवता जुळवता मुद्दा हरवण्यापेक्षा ते बरं. पहिले दोन महिने कान आणि कर्ता, मग केइगो.

अनघा_दुभाषी
बैठकीपुरतं मान्य. फक्त ओन्शा आणि हेइशा, तुमची कंपनी आणि आमची कंपनी, हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून हवेत. लिहिताना तुमच्या कंपनीला 'किशा', बोलताना 'ओन्शा'.

वाशीकर
आकडे आणि वेळा राहिल्या. जपानी दहा हजारांनी मोजतात: 'मान' म्हणजे 10 हजार, 'ओकु' म्हणजे 10 कोटी. इंग्रजी मिलियनमधून जाऊ नका, लाख-कोटी आपल्याला जवळचे पडतात. मानला 10 ने भागा, लाख मिळतात: 120 मान म्हणजे 12 लाख. ओकुला 10 ने गुणा, कोटी मिळतात: साडेतीन ओकु म्हणजे 35 कोटी. रोज दहा आकडे मोठ्यानं बदला.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. 'आसाइचि', सकाळी पहिलं काम, म्हणजे त्यांचे 9, आपले पहाटेचे साडेपाच. ते काम आदल्या रात्रीच पाठवावं लागतं. 'होन्जित्सुचूऽ', म्हणजे आजच्या दिवसात, यातला दिवस आपल्याकडे रात्री साडेआठला संपतो, आणि त्यांची संध्याकाळी 6 ची सुट्टी म्हणजे आपले दुपारचे अडीच. 'निहोन जिकान दे नानजि देशोऽ का', जपानी वेळेनं किती वाजता, हे विचारून टाका. 'किन्योऽ मादे' म्हणजे शुक्रवारपर्यंत चालू ठेवा, 'किन्योऽ मादे नि' म्हणजे शुक्रवारच्या आत संपवा. त्या एका 'नि'वर डिलिव्हरीची तारीख ठरते. कागदावर रेइवा (जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं) वर्ष असेल तर 2018 मिळवा: रेइवा 7 म्हणजे 2025.

सावली_कोथरूड
कळलं. शेवटचं एक: परीक्षा द्यायचीच झाली तर कोणती? आणि आयटीचे शब्द कुठून घेऊ?

क्यूए_नाशिक
परीक्षा बीजेटी, म्हणजे कामकाजाच्या जपानीची परीक्षा. कार्यालयातल्या प्रसंगांवरची, संगणकावर होते, 80 प्रश्न, सुमारे 105 मिनिटं. पास-नापास नाही, 0 ते 800 गुण आणि जे-5 पासून जे-1 प्लसपर्यंत पायऱ्या. 420 ला जे-2 सुरू होते, 530 ला जे-1. तीन-चार महिने इतिवृत्तं लिहिल्यावर द्या. बोलणं मात्र यातही तपासलं जात नाही.

शब्दांसाठी जपानच्या आयपीए या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या 'आयटी पासपोर्ट' परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह जालावर मोफत आहेत. रोज चार प्रश्न सोडवा. तांत्रिक भाग तुम्हाला येतच असतो, त्यामुळे सगळं लक्ष जपानीवर राहतं, आणि योऽकेन तेइगि (गरजा ठरवणं), केत्सुगोऽ टेस्ट (भाग जोडून केलेली चाचणी), नोऽकि (डिलिव्हरीची तारीख) हे शब्द पुऱ्या वाक्यातच भेटतात. काताकानात (परकीय शब्दांच्या लिपीत) लिहिलेल्या शब्दांची यादी वेगळी ठेवा: 'कुरेमु' म्हणजे तक्रार, 'देगुरे' म्हणजे आधी चालणारी गोष्ट नव्या बदलानं बिघडणं, 'रिसुके' म्हणजे तारीख पुढे ढकलणं.