तक्रार ‘मागे घेणं’ इतकं सोपं नाही
घरातले दागिने चोरीला गेले आणि कामवाल्या बाईवर संशय आहे, तर ‘तिच्याविरुद्ध आधी पोलिसांत तक्रार तर करा, वाटलं तर नंतर मागे घ्या’ असा सल्ला दिला जातो. तो मला अजिबात पटला नाही. गुन्हा एकदा नोंदला की खटला सरकार चालवतं. त्यात नोकराने मालकाकडे केलेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली येते. शिक्षा ७ वर्षांपर्यंत, आणि तडजोड करायची तरी कोर्टाची परवानगी लागते.

माझ्या मावशीच्या चोरीला गेलेल्या पाटल्या सापडल्या, पण मुद्देमाल (पोलिसांनी पुरावा म्हणून जप्त केलेली वस्तू) म्हणून लाखेच्या सीलमध्ये. अर्ज, सोनाराच्या पावत्या, बंधपत्र (लेखी हमी) एवढं झाल्यावर हातात आल्या, त्याही मोडायच्या नाहीत या अटीवर. पावत्या आजच शोधून ठेवा. तक्रार जरूर करा, पण नुसता संशय असेल तर ‘अज्ञात’ चोराविरुद्ध. तक्रारीत नाव गेलं की त्या बाईची सोसायटीतली सगळी कामं सुटतात, आणि ती निर्दोष ठरली तरी परत मिळत नाहीत.