जप्ती वाढली म्हणजे सीमा सुरक्षित झाली का?

शिरोलीचा_फौंड्रीवाला

बीएसएफनं पंजाब सीमेवर 2023 मध्ये 107 ड्रोन पकडले आणि 2024 मध्ये 294. आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी यावरून जोरात वाद झाला. एकाचं म्हणणं, बंदोबस्त जवळजवळ तिप्पट कडक झाला. दुसरा म्हणाला, येणारे ड्रोनच तिप्पट झाले असतील. त्या एका आकड्यावरून दोघांपैकी कोण बरोबर हे ठरत नाही, आणि माझा मुद्दा तोच आहे.

मी ओतकामातला माणूस. आमच्याकडे एखाद्या महिन्यात रिजेक्शन वाढलं, तर तपासणाऱ्याची पाठ थोपटायची की मोल्डिंगवाल्याला बोलवायचं, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. तपासणारा बारकाईनं बघायला लागला असेल, नाहीतर वाळूत ओल जास्त झाली असेल. म्हणून आम्ही पास झालेल्या ढिगातलेच दोन-चार नग उचलून करवतीनं मधोमध कापतो. चांगला, विकायला निघालेला माल! नव्या पोराचा ते बघून जीव तुटतो. पण कापलेल्या नगात ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या हवेची पोकळी, निघाला तरच समजतं की आपल्या तपासणीतून काय निसटतंय.

सीमेवरही पास झालेलं कापून बघायला पाहिजे. अमेरिकेचं सीमाशुल्क आणि सीमा संरक्षणाचं खातं 2003 साली एका छताखाली आलं. ते ‘कॉम्पेक्स’ नावानं हेच करतं. ज्यांच्यावर कसलाच संशय नाही, ज्यांना एरवी ‘जा’ म्हटलं असतं, त्यांच्यातलेच काही प्रवासी आणि गाड्या चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडून पुरत्या तपासायच्या. त्यात जे सापडेल त्यावरून एकूण किती सुटतंय याचा अंदाज बांधायचा. आपल्या बातम्यांत मात्र येतं ते किती किलो पकडलं आणि किती कोटींचं पकडलं.

मला याचं एवढं का पडलंय ते सांगतो. 2004 साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात न फुटलेला दारूगोळा निघाला आणि स्फोटात दहा कामगार गेले. आमच्या भट्टीत चार्ज, म्हणजे वितळवायचा माल, टाकायच्या आधी एक माणूस भंगाराच्या ढिगातले बंद शॉकअब्झॉर्बर हातानं वेगळे काढत बसतो. एक जरी आत गेला तरी फुटून वितळलेला धातू अंगावर उडतो. तिथं तोफगोळा आला तर त्या माणसानं काय करायचं? बंदरात कुणी काय बघितलं, यावर त्याचा जीव आहे.

न्हावाशेवा_सीएचए

मी मूळचा कागलचा, 18 वर्षं क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टम्समधून लोकांचा माल सोडवून द्यायच्या धंद्यात. दादा, तळमळ पटली, उपाय पटला नाही.

आपल्या कस्टम्समध्ये आयातीसाठी जोखीम व्यवस्थापन प्रणाली 2005 पासून आहे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, भरलं की माल कोणता, कुठल्या देशातला, आयातदाराचा इतिहास काय, हे बघून प्रणालीच ठरवते की माल थेट सोडायचा, कागद तपासायचे की कंटेनर उघडायचा. चिठ्ठी टाकल्यासारखी निवडही त्यात आहेच. म्हणजे तुम्ही मागताय ते काही प्रमाणात चालूच आहे.

आता उघडणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी लिहितो. शिरोलीत फॅक्टरीतच ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावून निर्यातीला निघालेला कास्टिंगचा कंटेनर यार्डात उघडला की पॅलेट बाहेर येतात, गंज लागू नये म्हणून घातलेलं प्लास्टिक फाटतं. पावसाळ्यात दोन दिवसांत मालावर तांबूस थर चढतो आणि जहाजही चुकतं. मजुरी, यार्डाचं भाडं, सगळं पार्टीच्या खिशातनं जातं. अमेरिकेनं 2007 साली कायदाच केला की आपल्याकडं येणारा प्रत्येक कंटेनर परदेशातल्या बंदरातच स्कॅन व्हायचा, मुदत 2012. ती मुदत पुन:पुन्हा पुढं ढकलावी लागली.

आणि आपल्याकडं मोजमाप होत नाही असं नका म्हणू. 2023 च्या पाहणीत बंदरावर आलेला आयात माल सुटायला सरासरी 85 तास 42 मिनिटं लागली, 2022 पेक्षा 9 टक्के कमी. तुमचं भांडवल किती दिवस अडकतं हे त्यावरनं कळतं. माझ्या मते सध्या हाच सगळ्यात उपयोगी आकडा आहे.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

वेळ मोजायलाच पाहिजे, त्याला माझी ना नाही. पण फाटक सताड उघडं ठेवलं तर वेळ आणखी कमी होईल. तेवढ्यानं काम झालं असं कसं म्हणायचं?

निवड चिठ्ठीनं होते म्हणता ना, मग त्याचा हिशेब वेगळा छापा. संशयावरून उघडलेल्या शंभरात किती निघाले आणि चिठ्ठीवरून उघडलेल्या शंभरात किती. दोन्हीकडं सारखेच निघत असतील तर त्या प्रणालीला संशय धरायचंच जमत नाही, असा सरळ अर्थ आहे. दोन्ही एकत्र करून ‘जप्ती’ म्हणून दिलं तर त्यातनं आम्ही काय वाचायचं?

राजारामपुरीची_शिक्षिका

मी संख्याशास्त्र शिकवते. दादांची वेगळ्या हिशेबाची मागणी अगदी रास्त आहे, पण ती कुठवर पोचते ते बघा. समजा चिठ्ठी टाकून 3,000 कंटेनर उघडले आणि एकातही काही निघालं नाही. तरी 95 टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की दोषी कंटेनर हजारात एकापेक्षा कमी आहेत. लाख कंटेनर येत असतील तर शंभरएक तरीही लपून राहू शकतात.

सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरमधून जवळजवळ 3,000 किलो हेरॉइन सापडलं. अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेलं, कागदोपत्री टाल्क, म्हणजे शंखजिरं. ते महसूल गुप्तचर संचालनालयाला खबरीवरून मिळालं. तुमच्या चिठ्ठीत ते दोन कंटेनर येण्याची शक्यता नगण्य होती. किंमत चुकीची लिहिणं, माल दुसराच दाखवणं, असं वारंवार होणारं असेल तर नमुना कामाचा. वर्षातून एकदा येणाऱ्या संकटाला तो पुरत नाही.

तिथं आपलाच खोटा माल पाठवून परीक्षा घ्यावी लागते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण खात्यानं डिसेंबर 2005 मध्ये हे केलं. त्यांच्या माणसांनी उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही सीमांवरून गाडीतून किरणोत्सारी पदार्थ नेला. यंत्रांनी दोन्हीकडं इशारा दिला. अधिकाऱ्यांनी गाड्या थांबवल्या, कागद मागितले, त्यांना बनावट परवाने दाखवले आणि गाड्या आत गेल्या. यंत्र पास झालं, कागद ओळखणारी पद्धत नापास झाली. ही गोष्ट कुठल्याही जप्तीच्या यादीत दिसली नसती.

गडहिंग्लजचा_मेजर

रामराम. बीएसएफमधून निवृत्त. ताईंनी परीक्षेचं सांगितलं ते खरं आहे, पण सीमेवरचा जवान आकड्यांसाठी उभा नसतो हे आधी ध्यानात घ्या. आम्ही रात्रभर नाका लावून बसायचो आणि काहीच घडायचं नाही. त्या रात्रीची नोंद शून्य. माणूस उभा आहे हे समोरच्याला दिसलं म्हणून तो आलाच नाही, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? अशा रात्री वाया गेल्या म्हणून उद्या कुणी माणसं कमी केली तर?

आणि सुटलेलं कळतच नाही असंही नाही. कुंपणालगत मातीची एक पट्टी असते. ती ओढून सपाट, मऊ करून ठेवतात. पहाटे गस्तीवर निघालं की सूर्य तिरपा असताना त्या पट्टीकडं बघत चालायचं. रात्री कुणी गेलं असेल तर पावलाचा ठसा दिसतो, टाच कुठं रुतली त्यावरून दिशाही समजते.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

मेजर, एवढा वेळ मी जे सांगायला धडपडतोय ते तुम्ही दोन वाक्यांत लिहिलंत. ती पट्टी कुणालाच पकडत नाही, तरी रोज ओढतात, कारण कोण गेलं ते तिच्यामुळं कळतं. कंटेनरसाठी अशी पट्टी कुठं आहे, एवढंच विचारतोय.

ताईंचाही मुद्दा मान्य. मी सगळं चिठ्ठीवर सोडत होतो, ते चुकलं. भंगारातल्या तोफगोळ्यासाठी खोट्या मालाची परीक्षाच पाहिजे.

गडहिंग्लजचा_मेजर

मग एक धोका पण ऐका. ठसा दिसला की त्याचा जाब पहाटेच्या गस्तीवरच्या पोराला विचारायला लागलात, तर एक दिवस तो पायानंच माती सारखी करून पुढं जाईल. ठसा कळवला म्हणून शिक्षा नाही, लपवला तर आहे, हे वरून पक्कं पाहिजे. शिवाय ड्रोनचा ठसा मातीत उमटत नाही, त्यामुळं तुमच्या त्या 294 चं कोडं माझ्याच्यानंही सुटत नाही.

राजारामपुरीची_शिक्षिका

मेजर म्हणतात तसं व्हायचं नसेल तर मोजणारा वेगळा हवा. ज्याच्या कामाचं माप घ्यायचं, त्याच्याच हातात माप द्यायचं नाही. अमेरिकेतली ती परीक्षा सीमेच्या खात्यानं स्वतः घेतली नव्हती, म्हणून तर निकाल बाहेर आला.

न्हावाशेवा_सीएचए

माझा विरोध अर्धा उरला आहे. संशयावरून उघडला तर पार्टीनं खर्च सोसावा, ठीक. पण ज्याच्यावर काडीचा संशय नाही त्याचा कंटेनर केवळ मोजमापासाठी उघडणार असाल, तर मजुरी, भाडं आणि पुन्हा पॅकिंग सरकारनं द्यायला पाहिजे. तुम्ही कापलेल्या नगाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेता का दादा?

शिरोलीचा_फौंड्रीवाला

नाही घेत. तो आमच्याच खात्यावर पडतो. असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत निवेदन मांडतो, त्यात तुमची ही मागणी पहिली लिहितो.