फ्रित्झ लांगचा 'एम' (१९३१) पाहिला. शेवटी खुन्याची दया आली, ती का?

मोगरा
'एम' डोक्यातून जात नाहीये. बर्लिनमध्ये एक माणूस लहान मुलींना फुगा, खाऊ देऊन नेतो आणि मारतो. पोलिसांच्या रोजच्या धाडींनी चोर-दरोडेखोरांचा धंदा बसतो, म्हणून तेही त्याच्या मागावर निघतात. एकही खून दाखवलेला नाही. तरी त्याने नेलेल्या एल्सीची आई जिन्यात वाकून हाक मारते तिथे मला पुढचं बघवेना. माझी मुलगी दुसरीत आहे.

काहीच न दाखवता इतकी भीती कशामुळे वाटते? आणि दुसरं, माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं: शेवटी चोरच त्या खुन्याला, बेकर्टला (नट पीटर लोरे), पकडून त्याच्यावर खटला चालवतात, आणि तो त्या गर्दीपुढे गुडघ्यांवर येऊन किंचाळतो तेव्हा मला त्याची दया आली. ती यायला नको होती. दिग्दर्शकाचा रागच आलाय. तुम्हाला काय वाटलं?

सहावा_ट्रॅक
मी साउंड मिक्सिंग करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. आमच्याकडे भीतीच्या सीनला पहिली मागणी ठरलेली: म्युझिक भरा. 'एम'मध्ये बॅकग्राउंड म्युझिक नाहीच. लांगचा हा पहिला बोलपट. जर्मनीत बोलपटांना जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि या माणसाने आवाज तोलून-मापून वापरला. काही ठिकाणी ट्रॅक अक्षरशः कोरा आहे, रस्त्यावरची वर्दळ दिसते पण ऐकू येत नाही.

सुरुवात पुन्हा बघा, कान देऊन. इमारतीच्या चौकात पोरं गोल करून खुनी माणसाचं गाणं म्हणत एकेकाला बाद करतायत. कपड्यांची टोपली घेऊन जाणारी बाई त्यांच्यावर खेकसते, मग वर येऊन एल्सीच्या आईकडे कुरकुर करते. आई म्हणते, पोरं गाताना ऐकू येतात तोवर ती आहेत एवढं तरी कळतं. माझ्या मते अख्खा सिनेमा या वाक्यावर उभा आहे.

मग घड्याळात बारा वाजतात, आई ताट मांडते. जिन्यात पावलं वाजतात, ती बघते तर दुसऱ्याच मुली. ती हाका मारायला लागते, आणि पडद्यावर येतो रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला माळा, एल्सीचं रिकामं ताट. हाक जिथे ऐकू येते तिथे आई नाही आणि एल्सीही नाही. गवतातून चेंडू घरंगळत येतो, फुगा तारांमध्ये अडकतो, आणि तोवर हाकही बंद झालेली असते. 'आवाज आहे म्हणजे मूल आहे' हे तुम्ही आधीच मान्य केलेलं असतं, त्यामुळे शांतता झाली की काय झालं ते सांगावं लागत नाही. माझ्या अख्ख्या कामात मला असा एक सीन करायला मिळाला तरी पुरे.

खुनीही आवाजानेच ओळखू येतो. इनामाच्या पोस्टरवर आधी त्याची सावली पडते, चेहरा बराच नंतर दिसतो. त्याची खूण म्हणजे शीळ, संगीतकार ग्रीगच्या 'पीर गिंट'मधली धून. लोरेला शीळ घालता येत नव्हती, सिनेमातली शीळ खुद्द लांगची आहे. त्याला ओळखतो तो फुगे विकणारा आंधळा. याच आंधळ्याचा आधी एक छोटा प्रसंग आहे: दांडा फिरवून वाजवायची एक पेटी बेसूर वाजत असते, तो कानांवर हात ठेवतो आणि आपल्यालाही ऐकू येणं थांबतं. म्हणजे शिळेच्या आधीच लांगने आपल्याला त्याच्या कानांत नेऊन बसवलंय.

जुनी_सनद
मी सेशन्स कोर्टात बचावाचं काम करते, तेव्हा दुसरा प्रश्न माझा.

दया आली तर येऊ द्या. लांगने बेकर्टला निर्दोष म्हटलेलं नाही. बंद पडलेल्या दारूच्या कारखान्यात खटला चालवणारे सगळे गुन्हेगार आहेत. त्यांच्या अध्यक्षावरच तीन खुनांचा आरोप आहे, आणि बेकर्टला दिलेला वकील ते त्याच्या तोंडावर बोलतो. त्याचा मुद्दा सरळ आहे: ज्याचा स्वतःवर ताबा नाही त्याला जल्लाद नको, डॉक्टर द्या. हे म्हणायला तेव्हा किती धाडस लागलं असेल बघा. ड्युसेलडॉर्फमध्ये अनेक खून करणाऱ्या पीटर क्युर्टनला एप्रिल १९३१मध्ये मृत्युदंडाची शिक्षा झाली, 'एम' ११ मे रोजी बर्लिनमध्ये लागला आणि जुलैत क्युर्टनचा शिरच्छेद झाला. प्रेक्षक पेपरात तेच वाचून थिएटरात येत होते.

पुढचं मला फार लागतं. १९३४मध्ये नाझींनी सिनेमावर बंदी घातली, आणि १९४०मध्ये ज्यूंविरुद्धच्या एका प्रचारपटात बेकर्टच्या याच कबुलीचा तुकडा वापरला, कारण लोरे ज्यू होता. आजूबाजूचा खटला, तो वकील, सगळं काढून टाकलं की फक्त किंचाळणारा माणूस उरतो. कुणाची बाजू अर्धी ऐकवली की काय करता येतं ते मी रोज बघते, म्हणून मला हा सिनेमा जुना वाटत नाही.

घाटमाथा
बेळगावकर म्हणून एक भर. पटकथा लांग आणि त्याची बायको थेआ फॉन हार्बो या दोघांची. १९३३मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. लांग देश सोडून गेला, ती राहिली आणि नाझी पक्षात गेली. तिचे नंतरचे सोबती म्हणजे बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारे आपल्या बेळगुंदीचे अयी तेंडुलकर. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

मोगरा
सगळ्यांचे आभार. सहावा_ट्रॅक, सुरुवात पुन्हा पाहिली. टोपलीवाल्या बाईकडे मी पहिल्यांदा लक्षच दिलं नव्हतं.

सनदताई, वकिलाचं म्हणणं पटतं. पण त्याच गर्दीतून एक बाई ओरडते की आयांना विचारा, आणि मी तिच्या बाजूची आहे. खरं कोर्ट तर काही सेकंदच दिसतं, निकाल कळत नाही, कॅमेरा सरळ तीन आयांवर जातो. एल्सीची आई म्हणते, अशा निकालाने आमची मुलं परत येणार नाहीत. लांगने तुमच्या वकिलालाही पूर्ण बोलू दिलं आणि त्या बाईलाही, म्हणून आता त्याच्यावरचा राग गेला. बेकर्टवरचा नाही.